धानाचे शब्द आणि माझा एडिटर

२ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
आजपासून काम सुरू. धानाच्या शेतीतले, आमच्याकडच्या झाडीबोलीचे शब्द गोळा करायचे. निदान एक हजार. मग पुस्तक. पाटबंधारे खात्यातून स्वेच्छानिवृत्ती याचसाठी घेतली, हे भूमेश्वरीला एकदा नीट सांगायला हवं. ती माझी बायको, अर्जुनी मोरगावच्या शाळेत शिकवते, तिथंच राहते. आमगावच्या घरात मी एकटा. लेखकाला एकांत लागतोच.
शब्द सांगणार कुंताआत्या. वडिलांची बहीण, वय एक्क्याऐंशी, दोन घरं सोडून राहते. धान निघालं की तिचा मुलगा लखन तिला रायपूरला नेणार. म्हणजे महिनाभर हातात आहे. भरपूर.

३ नोव्हेंबर
टेक्स्ट एडिटर डाउनलोड केला. प्रोग्रामर लोक वापरतात तो. सगळं मनासारखं बदलता येतं. आत्या येऊन ओसरीवर बसली. म्हणाली, लिव. म्हटलं, उद्यापासून. आज फक्त थीम निवडतो.

५ नोव्हेंबर
थीम ठरली. गडद हिरवी. काल गडद निळी होती, पण तिच्यात मन लागेना.

७ नोव्हेंबर
अडचण. या फॉन्टमध्ये काना अक्षरापासून लांब उभा राहतो. 'धान' लिहिलं की मधून बैल जाईल एवढी जागा. अशा अक्षरात आत्याचे शब्द उतरवणं म्हणजे त्यांचा अपमान. आधी फॉन्ट.
आत्या दोन तास बोलली. शेतातलं पाणी काढायला बांधीचा धुरा फोडतात, त्या जागेला काहीतरी म्हणतात. मी फॉन्ट इन्स्टॉल करत होतो. हो हो म्हणत होतो.

११ नोव्हेंबर
स्पेलिंग तपासणारा प्लगिन टाकला. प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल रेघ. माझ्या नावाखालीसुद्धा. प्लगिन काढला. त्यानंतर एडिटर उघडेना. दिवस गेला. पण शिकायला मिळालं.

१४ नोव्हेंबर
आत्यानं विचारलं, एवढा खटखट लिवून राहिला, किती झाला रे हिरालाल? म्हटलं, पुष्कळ. खोटं नाही. सेटिंगची फाईल चारशे बारा ओळींची झाली. ती खूश. म्हणाली, उद्या धान रोवण्याची गाणी सांगतो, तीबी लिव.

१८ नोव्हेंबर
माझी सेटिंग एका इंग्रजी फोरमवर टाकली. कोणीतरी अंगठा दिला! फिनलंडचा माणूस. त्याला लांबलचक धन्यवाद लिहिले, घरची माहिती कळवली. उत्तर नाही. तिकडे वेळ वेगळी असेल.
भूमेश्वरीचा फोन. रविवारी या म्हणाली. म्हटलं, जमणार नाही, कीबोर्डचे शॉर्टकट लावायचे आहेत. ती म्हणाली, बरं. माझी शिस्त तिला आता पटू लागली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
एडिटर उघडला की आता वर येतं, 'नमस्कार हिरालालजी, आज काय लिहायचं?' खास कोड शोधून बसवलं. छान वाटतं. आठ-दहा वेळा बंद करून उघडला.
आत्यानं आज गाणं म्हटलं. आवाज बारीक, पण सुरात. मधेच थांबून रडली. सोबत रोवायला येणाऱ्या बायांची नावं घेतली. यातली आता एकबी नाही म्हणाली. मोबाईलवर रेकॉर्ड करता आलं असतं, पण ते परत ऐकून टाइप करायचं म्हणजे दुप्पट मेहनत. पद्धतशीर काम बरं.

२ डिसेंबर
धान निघालं. लखनचा फोन, शनिवारी येतो म्हणाला. तीन दिवस पूर्ण मिळतात. रोज साडेतीनशे शब्द. शक्य आहे.

३ डिसेंबर
एडिटरची नवी आवृत्ती आली. अपडेट केलं. अर्धे प्लगिन बंद. हिरवी थीम गेली.

५ डिसेंबर
दोन दिवस दुरुस्ती. आत्या सकाळी आली होती. म्हटलं, आज नको, डोकं फिरलं आहे. काऊन, बरा नाही का तुले, विचारलं तिनं. थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. दुपारी बाहेर आलो तर ओसरीवर पोह्यांची ताटली, झाकून ठेवलेली.

६ डिसेंबर
स्टेशनवर जाऊन आत्याला गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, पुस्तकात माहा नाव टाकजो. म्हटलं, पहिल्याच पानावर. लखननं हात जोडले. म्हणाला, दादा, बाबा गेल्यापासून आई एवढी कधी बोलली नव्हती. मी म्हटलं, संशोधकाचं कर्तव्यच आहे.

१० डिसेंबर
एडिटर आता निर्दोष. आता मधे मधे बोलणारं कोणी नाही. कामाला वेग येईल.
ओसरीवरची आत्याची खुर्ची आत घेतली. दुपारी परत बाहेर ठेवली.

१५ डिसेंबर, सकाळी ९.१०
नवी फाईल. बांधी : धानाचं शेत. धुरा : बांध. तिसरा शब्द, तो पाणी काढायच्या जागेचा, आठवेना. तास झाला. रायपूरला फोन लावला.
लखननं फोन आत्याच्या कानाला लावला. तिनं आधी विचारलं, जेवला का. मग मी शब्द विचारला. म्हणाली, आता ध्यानात नाही राहत रे, इथं कोणी आपलं बोलतच नाही. तू लिवला आहेस नं सगळा? काढ आणि वाचून दाखव. ते गाण्याचं वाच.
म्हटलं, आवाज कटून राहिला आत्या, नेटवर्क नाही. ती म्हणाली, हळूहळू वाच, मी ऐकून राहिली.
मी फाईलमधल्या दोन ओळींकडे बघत राहिलो. तिच्या श्वासाचा आवाज स्वच्छ येत होता. सात-आठ मिनिटांनी लखननं फोन ठेवला.