स्प्रेला चार शिट्ट्या

२ ऑक्टोबर, सकाळी ११
स्पेलिंगच्या चुका माफ. टायपिंग पण स्लो आहे, कारण एकाच बोटाने करतो, बाकीची नऊ साफ ठेवलीत. तसं हे कोणी वाचणार नाही. नववीत शाळा सोडली, आणि तिथे मराठी नव्हतंच, सगळं हिंदीत.

आज बाबांनी डंबेलने बाथरूमचं दार फोडलं. मी आत फक्त तीन तास होतो. कडी उडून माझ्या गुडघ्याला लागली. बाबांनी कॉलर धरून बाहेर ओढलं, मी त्यांच्या मनगटाला चावलो. मग चूळ भरायला परत आत गेलो. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

नंतर बाबा म्हणाले, सुधन्वा, अठरा तारखेला ओपन स्कूलचा दहावीचा पेपर आहे. एप्रिलमध्ये घरातूनच निघाला नाहीस. या वेळी पण तेच केलंस तर सरळ पानिपत. तिथे त्यांचे मित्र ज्ञानोबाकाका चादरींच्या फॅक्टरीत मॅनेजर आहेत, मला गठ्ठे उचलायला ठेवतील. अवनीताई म्हणाली, चलो, आपल्या घरात एक पानिपत बाकीच होतं.

अठरापर्यंत ओसीडी, हा धुण्या-मोजण्याचा आजार, खतम. सोळा दिवस खूप झाले.

४ ऑक्टोबर
डॉक्टर इंदुमती मॅडमकडे. मी लाजतो म्हणून आई बोलते. मी फोनवर लिहून दाखवलं, ओसीडीवर पेप्टाइडचा नाकातला स्प्रे चालतो का, उंदीर शांत होतात असं नेटवर आहे. मॅडम म्हणाल्या, बेटा, यावर अजून रिसर्चच चालू आहे, माणसांचं पक्कं काही नाही. नेटवरून काही मागवू नकोस. गोळ्या घे, थेरपीला ये.

म्हणजे रिसर्च चालू आहे. मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. ऑर्डर केला.

गोळ्यांना केमिस्टचा हात लागलेला असतो. कुंडीत टाकतो. तुळस एकदम शांत आहे.

६ ऑक्टोबर
डोक्यात सारखं एकच चित्र. लाटणं, ताईचं डोकं, फटाक. मी असा नाहीये. म्हणून आईला सगळ्या सुऱ्या आणि लाटणं कुलपात ठेवायला लावलं. दर अर्ध्या तासाने कुलूप ओढून बघतो. आई कांदा कात्रीने कापते, पोळ्या बाटलीने लाटते. म्हणाली, एक दिवस मीच तुझं डोकं फोडेन, याच बाटलीने.

घरात सेफ्टीचं कोणीतरी बघायला हवं.

९ ऑक्टोबर
पार्सल आलं. गार्ड दीनानाथ भैयाने उघड्या हाताने आणलं. खोका साबणाने धुतला, आतला माहितीचा कागद पण. त्याचा लगदा झाला. 'थंड जागी ठेवा' एवढंच वाचता आलं.

काचेची छोटी बाटली. नाकात घालायची चीज, आणि कोणी कोणी धरली असेल काय माहीत. छोट्या कुकरमध्ये एक शिट्टी काढली. एक हा वाईट नंबर आहे. तीन पण. चार काढल्या. मग फ्रिजमध्ये, थंड जागी.

आईने तिच्यावर मातीवाली कोथिंबीर ठेवली. मी कोथिंबीर, अंडी, दूध, सगळं भिंतीवर फेकलं. आईने कानाखाली दिली. बाटली परत कुकरमध्ये.

१२ ऑक्टोबर
स्प्रे सुपरहिट. एवढा शांत झालोय की आज हात फक्त चौदा वेळा धुतले. ताई म्हणाली, चौदा तर नाश्त्यापर्यंतच झाले, मी मोजलेत. एवढं मोजते म्हणजे तिलाच ओसीडी असेल.

नळ नीट बंद होत नव्हता. शांतपणे पाना मारला. नळ तुटला. पाणी खालच्या घरात. शशिकांत अंकल वर आले आणि बाबांना म्हणाले, लडके को बाँध के रखो, नहीं तो मैं ठोक दूँगा. मग दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या, बाबांचा चष्मा फुटला. मी बाथरूममध्ये होतो. दार नाही, आता चादर लावलीय. तिच्याआडून सगळं बघितलं. सगळ्यात शांत मीच होतो.

१५ ऑक्टोबर
ताईने कुकर उघडला, आत बाटली दिसली, रोज उकळतो हे मला सांगावं लागलं. ती बायोटेकला आहे. म्हणाली, अरे गाढवा, पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, रोज चार शिट्ट्या दिल्यावर काय उरणार? उकडलेल्या अंड्यातून कधी पिल्लू निघालंय का? आणि मुळात आत काय होतं ते देव जाणे. सहा दिवस नाकात सूप घालतोयस तू.

मग मी एवढा शांत कसा, असं विचारलं आणि रिमोट फेकला. तिच्या कपाळाला लागला.

फरशीवर रक्त पडलं. मी फरशी पुसायला घेतली. आधी ताईकडे बघायला हवं होतं.

तीन टाके. चौथा घालता येईल का, असं आईला हळूच विचारलं.

१८ ऑक्टोबर
१२.४० – पेन, अ‍ॅडमिट कार्ड, सगळं प्लास्टिकमध्ये. स्प्रे नसला तरी माइंड तर माझंच आहे. ताई कपाळाला पट्टी लावून खाली ऑटोत बसलीय. म्हणाली, तू पानिपतला गेलास तर मी भांडू कोणाशी, चल.

१.०५ – लिफ्टचं बटण दाबावं लागलं. वर आलो. एकदाच धुणार.

२.१० – ऑटोवाला हॉर्न मारतोय. साबण नवीन काढला.

६.०० – पेपर झाला असेल.

तीन वाजता बाबा डंबेल घेऊन आले. चादरीसमोर उभे राहिले. चादर काय फोडणार. डंबेल खाली ठेवलं, स्टूल आणून बाहेर बसले. मग म्हणाले, ज्ञानोबाला फोन केला होता. तो म्हणतो, नका पाठवू, इथे दोनशे माणसांत एक नळ आहे. मग म्हणाले, सोमवारी मॅडमकडे जाऊ. गोळी माझ्यासमोर घ्यायची.

मी हो म्हटलं. तुळशीचं पण सांगितलं. ते हसले नाहीत. माझे हात बघत होते. बोटांची सालं निघालीत.

दीनानाथ भैयाला मुलगी झाली. आत्ता बर्फी वाटायला वर आला होता. त्याच्या हातातून घेतली, खाल्ली. छान होती.

हात धुतले नव्हते. लिहिलं म्हणून लक्षात आलं. आलोच.