दोन्ही कान दिसतील असा फोटो

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी स्वतंत्र चित्रकार. शुक्रवारी जाहिरात कंपनीला रामराम ठोकला. इतकी वर्षं साबणाचा फेस आणि हसणारे दात काढले, पुरे झालं. निरोपाचा केक फारच लहान होता. साहेब भाषण करताना दोनदा घड्याळाकडे बघत होते. दुःख लपवायची एकेकाची पद्धत असते.

टेबल खिडकीशी ओढून घेतलं. मुलांसाठी प्राण्यांचं पुस्तक करायचंय, सगळं निब आणि शाईने. पहिलं चित्र साळिंदर.

बायकोने डबा भरता भरता विचारलं, ऑफिसचा आरोग्य विमा आता बंद झाला का. झाला असेल. मग माझ्या लॅबच्या विम्यात तुझं नाव घालते, याच महिन्यात नावं घेतायत, असं म्हणाली. मी साफ नाही म्हणून सांगितलं. ज्या दिवशी माणूस स्वतंत्र झाला त्याच दिवशी त्याने बायकोच्या पदराआड लपायचं? ती दिवसभर लोकांची रक्तं तपासते, त्यामुळे तिला जिकडेतिकडे रोग दिसतात.

संकल्प: स्वतःचा विमा स्वतः निवडणार. आठवड्याभरात. अभ्यास करून. नोकरदार माणसं घेतात, म्हणजे फार डोकं लागत नसणार.

४ सप्टेंबर, बुधवार

मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ, विमा विकतो. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. दाजी, तुमच्यासाठी सात कंपन्यांची माहितीपत्रकं आणलीत, असं म्हणून टेबलावर ढीग ओतला. माझ्या ओल्या शाईवर.

दुपारभर चाळली. डोळे दुखायला लागले. एका कंपनीने एकाच पानावर आठ वळणांची अक्षरं वापरलीत. दुसऱ्यात आई, बाप आणि दोन मुलं हिरवळीवर धावताहेत आणि बापाच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. ज्यांना बोटं मोजता येत नाहीत ते माझी बिलं काय मोजणार? बाद. संध्याकाळी मेहुण्याचा फोन. तीच कंपनी सगळ्यात लवकर पैसे देते म्हणे. त्याला बोटांचं सांगितलं. म्हणाला, फोन ताईला द्या. पटलं असावं.

७ सप्टेंबर, शनिवार

जुन्या ऑफिसातून हजेरीबाईंचा फोन. रजा, पगार, हजेरी सगळं त्यांच्याकडे असतं म्हणून आम्ही त्यांना हजेरीबाई म्हणायचो. उचलला नाही. मी जाऊन जेमतेम आठवडा होतोय तोच यांचं गाडं अडलं!

सात कंपन्यांची तुलना करायला एक मोठा तक्ता करायचं ठरवलंय. हाताने. लोक कॉम्प्युटरवर करतात आणि मग फसतात.

१० सप्टेंबर, मंगळवार

तक्त्याचा मथळा पूर्ण. 'आरोग्य विमा: एक तौलनिक अभ्यास'. अक्षरांना बारीक वेलबुट्टी. बऱ्याच दिवसांनी असं काम झालं. उजव्या मनगटात जरा कळ आली. मन लावून काम केल्याची ती खूण असते.

साळिंदर उद्यापासून.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

साळिंदर सुरू. काटे एकेक करून काढतोय. आणखी शंभरएक तरी आहेत. मनगट आखडतं, पण काटे जिवंत येताहेत.

बायको मधेच येऊन उभी राहिली. माझा फोटो हवा होता. कशासाठी ते तिने नीट सांगितलं, पण तेव्हा मी मानेजवळच्या काट्यांत होतो. माझा तो प्रसिद्ध फोटो दिला. अर्धा चेहरा अंधारात, हात हनुवटीला. तिने परत आणून ठेवला. दोन्ही कान दिसायला हवेत म्हणे. या असल्या सरकारी नजरेपुढे कलावंताने काय करावं?

१४ सप्टेंबर, शनिवार

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे जाऊन आलो. त्याने माझी मान धरून सरळ केली आणि हसू नका म्हणून दटावलं. फोटो चोरासारखा आलाय. कान मात्र दोन्ही आहेत. बायकोने बघितला आणि छान आहे म्हणाली. तिची आवड मला लग्नापासून माहीत आहे. (माझ्या बाबतीत सोडून.)

१७ सप्टेंबर, मंगळवार

तक्त्याच्या चौकटी झाल्या. दुहेरी रेघ, कोपऱ्यात लहान पानं. प्रत्येक कंपनीला वेगळी शाई. बायको चहा घेऊन आली आणि बघत राहिली. सुंदर आहे म्हणाली. मग म्हणाली, पण रिकामा आहे.

रकाने भरायला काय लागतं? एका बैठकीचं काम. त्यात कला नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

हजेरीबाईंचे आज तीन फोन! शिवाय मेसेज. 'सर, एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचं होतं' एवढं वाचलं आणि मिटवून टाकला. पुढचं काय असणार ते मला पाठ आहे. साहेबांना चूक कळली, नवा मुलगा फेस काढतो तो दह्यासारखा दिसतो, वगैरे. थोडी कळ सोसा म्हणावं. माझ्यावाचून किती अडतं ते कळू दे.

२२ सप्टेंबर, रविवार

मेहुणा सुट्टीचा मुहूर्त साधून जेवायलाच आला. माझा तक्ता बघून त्याने आधी तोंडाला हात लावला. हसत होता की भारावला होता, ते हातामुळे कळलं नाही.

जेवताना मी पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलला. ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. हात दुखतोय का, विचारलं. नाही म्हणालो. मग त्याची टकळी सुरू झाली. नव्या विम्यात आधीपासूनचं दुखणं लगेच धरत नाहीत, दोन दोन तीन तीन वर्षं थांबायला लावतात. तुमच्या जुन्या ऑफिसचा विमा महिन्याच्या आत स्वतःच्या नावावर करून घेता येतो का बघा, तसं झालं तर मागची वर्षं धरली जातील, एक फोन करून विचारा.

मी ऑफिसला फोन करायचा? म्हणजे ते म्हणणार, आला शेपूट घालून! भात वाढून घेतला आणि विषय बदलला. बायको माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. ती अशी गप्प बसते तेव्हा समजावं की तिच्याकडे मुद्दा उरलेला नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

अखेर निवड झाली! सात कंपन्यांत एकच अशी आहे जिला कागदाची जाण आहे. राखाडी रंग, एकच बारीक रेघ, आणि भरपूर कोरी जागा. कोरी जागा सोडायला हिंमत लागते. मेहुणा म्हणाला, दाजी, ते काही देतच नाहीत, मग लिहिणार काय? याला म्हणतात विकणाऱ्याचा जळफळाट. या एकाच कंपनीकडून त्याला कमिशन मिळत नाही.

आज सकाळी निब हातातून निसटलं. साळिंदराच्या पायाशी शाईचा डाग. डबकं करून टाकलं. चित्राला उलट उठाव आला.

डॉक्टरकडे जायचं नाही असं ठरवलंय. गेलं की दुखणं कागदावर येतं. कागदावर नसलं तर ते दुखणं नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

राखाडी कंपनीकडे अर्ज केला. आधीचं काही दुखणं? 'नाही' लिहिलं. 'नाही' लिहिताना हाताला मुंग्या आल्या, हा योगायोग.

हजेरीबाई: आज पुन्हा दोन फोन. आता जरा दया येऊ लागलीय.

३० सप्टेंबर, सोमवार

कंपनीचे डॉक्टर तपासायला आले. असं काही असतं हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. त्यांनी वजन, रक्तदाब वगैरे बघितलं, मग निरोप घेताना हस्तांदोलन केलं. मी ओरडलो. ते पुन्हा बसले. मनगट दाबलं, बोटांवर टिचक्या मारल्या आणि किती दिवसांपासून आहे विचारलं. मी म्हटलं, हे दुखणं नाही, ही साधना आहे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. 'साधना' नसावं.

हजेरीबाईंचा सकाळी एक फोन, दुपारी एक. पाच वाजता शेवटचा. मग बंद.

३ ऑक्टोबर, गुरुवार

राखाडी कंपनीचं उत्तर आलं. तोच सुरेख कागद, तीच बारीक रेघ. आम्ही आपला विमा घेऊ, मनगट सोडून. मनगटाचं तीन वर्षांनंतर बघू.

मनगट सोडून! गवयाला सांगावं, गळा सोडून बाकी सगळं धरतो. कोरी जागा कशाला ठेवली होती ते आता कळलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसला एक संधी द्यायचं ठरवलं. इस्त्रीचा शर्ट घातला. गेल्याबरोबर हो म्हणायचं नाही, दोन दिवस मागून घ्यायचे, असं जिन्यात पक्कं केलं.

माझ्या खुर्चीवर नवा मुलगा. त्याने खुर्ची उंच करून घेतलीय. पडद्यावर साबणाचा फेस होता. बराच वेळ उभा राहून बघितला. फेस चांगला होता.

साहेब जिन्यात भेटले. काय, कसं काय, असं म्हणून वर गेले.

हजेरीबाईंनी मला बघून कपाळाला हात लावला. सर, तुम्ही फोन का नाही घेतलात? विम्यावर सही हवी होती. विमा तुमच्या नावावर करून देता येत होता, जुन्या दुखण्यासकट, पण महिन्याच्या आत. तीस तारखेला पाच वाजेपर्यंत तुमचा कागद साहेबांच्या टेबलावर थांबवून धरला होता मी. तुम्ही मीटिंगमध्ये सारखं मनगट चोळायचात, ते माझ्या डोक्यात होतं.

परत या असं कोणीच म्हणालं नाही. हजेरीबाईंनी चहा मागवला. मी घाईत आहे म्हणून निघालो. घाई कसली, बसस्टॉपवर बराच वेळ नुसता बसून होतो.

७ ऑक्टोबर, सोमवार

सरळ रेघ येत नाही. साळिंदराची उजवी बाजू काट्यांची, डावी बाजू केस उडालेल्या उंदराची. प्रकाशकांना कळवलं की ही नवी शैली आहे. त्यांनी विचारलं, आजारी आहात का.

डॉक्टरकडे गेलो. मनगटात नस दाबली गेलीय. लहानसं ऑपरेशन आहे, पण लवकर करा, उशीर झाला तर अंगठ्यातली ताकद परत येईलच असं नाही, असं म्हणाले. खर्चाचा आकडा सांगितला. मी विचारलं, डाव्या हाताने शिकता येतं का. ते म्हणाले, काय?

घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. मला दुसरं काहीच येत नाही. फेससुद्धा याच हाताने काढत होतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

रात्रीच्या जेवणाला घास डाव्या हाताने घेत होतो, तो सांडला. बायकोला सगळं सांगितलं. मनगट, राखाडी कंपनी, हजेरीबाई, सगळं. आता ती भडकणार, मग मीही भडकणार आणि तेवढंच मोकळं वाटेल, असा हिशेब होता. ती भडकली नाही. उठून पर्स घेऊन आली आणि त्यातून एक कार्ड काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

तिच्या लॅबच्या विम्याचं. जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, मी तर नाही म्हणालो होतो. ती म्हणाली, फोटो मागायला आले तेव्हा सगळं सांगितलं होतं, तू मान हलवलीस. (मान मी साळिंदराची बघत होतो.)

कार्ड भिकार आहे. जांभळ्यावर पिवळी अक्षरं, तीही दाटीवाटीने. एका कोपऱ्यात तो चोरासारखा फोटो, दोन्ही कानांसकट. वर तिचं नाव मोठं, माझं खाली लहान. त्याखाली छापलंय: अवलंबित.

मी म्हणणार होतो की हा जांभळा चुकीचा आहे. म्हणालो नाही. तिने ताटाबाहेर सांडलेला भात उचलला. मला एकदम रडू आलं, ते तिखटामुळे असं सांगितलं. तिने पाणी आणून दिलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

हॉस्पिटलच्या काउंटरशी बसून लिहितोय, डाव्या हाताने, म्हणून अक्षर असं. संकल्प: बरा झालो की आधी हे कार्ड नव्याने डिझाइन करून देणार. फुकट.

बायको लॅबमधून सुट्टी टाकून आलीय, आता खाली औषधं आणायला गेलीय. काउंटरवरच्या मुलीने मघाशी व्यवसाय विचारला. स्वतंत्र चित्रकार, असं मी स्पष्ट सांगितलं. तिने मान डोलावली, कार्ड बघितलं आणि टाइप केलं.

आत्ता तिने नाव पुकारलं. माझं नाही, बायकोचं. ती वर आलेली नाही म्हटल्यावर त्या मुलीने सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, मॅडमचे मिस्टर कोण आहेत?

मी हात वर केला. डावा.