पायातली कानबाई

नाना, तुमचे पाय माझ्याकडे आले आहेत. नाक मायचं आलं, रंग आजीचा आला, तुमचे कुरळे केस मला हवे होते तर ते धाकट्याला गेले आणि माझ्या वाट्याला हे पाय. संध्याकाळचे दिवे लागले की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाला लागून, काहीतरी सरपटायला लागतं. दुखत नाही, खाजत नाही, कुणाला दाखवावं तर बाहेरून काहीच दिसत नाही. पाय हलवावासा वाटतो, हलवला की क्षणभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बसलं की वाढतं, आडवं झालं की जास्तच वाढतं, आणि उठून चालायला लागलं की जसं काही नव्हतंच. लिंबायतच्या त्या एका खोलीत तुम्ही रोज कसे आडवे होत असाल, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळतंय. आता कळून तुम्हाला काय उपयोग, म्हणा.

आपली खोली आठवते ना? सगळे झोपलो की कूस बदलायची तरी बाकीच्यांना विचारून बदलावी लागायची. गल्ली सगळी खानदेशातून आलेल्यांची. पुरुष लूमवर, बायका घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायच्या. कारखान्यात पंधरवड्याने पाळी बदलायची आणि रातपाळी आली की माणसं तोंड वाकडं करायची. तुम्ही मात्र आपली दिनपाळी जोडीदाराला देऊन त्याची रातपाळी मागून घ्यायचात. त्याला वाटायचं, देवमाणूस भेटला. गल्लीतल्या बायकांना वेगळंच वाटायचं. नळावर त्या मायला हसत हसत विचारायच्या, "काय वं, तुना नवरा रातपाळी सोडस नही, घर काय चावस का त्याले?" मायही हसून घ्यायची आणि घरी येऊन हंडा आपटायची. धाकटा तेव्हा तिच्या पोटात होता. एके दिवशी भाकरी थापता थापता, तुमच्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "मना कटाळा उना ना तुमले?" तुम्ही जेवत होतात. मी कोपऱ्यात बसून तुम्ही काय बोलता त्याची वाट बघतेय, आणि तुम्ही ताट उचलून उभे राहता आणि उभ्यानेच उरलेली भाकरी संपवता. किती राग आला होता मला तुमचा! तिच्या पोटऱ्यांवरचे निळे डाग मी पाहिले होते, पण ते तुमच्या झोपेतल्या लाथांचे आहेत हे तिला ठाऊक होतं आणि तुम्हालाही, मला नव्हतं. एखादी लाथ पोटावर बसेल या धाकाने तुम्ही रात्रीचे घर सोडलंत. हे तिला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? पण सांगणार तरी काय? झोपेत माझे पाय माझे राहत नाहीत, असं कोणता नवरा बायकोला सांगेल!

मी संध्याकाळी तुमचा डबा घेऊन यायचे. कारखान्याच्या दारात उभं राहिलं की आधी कानठळ्या बसायच्या, मग हळूहळू तुम्ही दिसायचात. या लूमवरून त्या लूमवर, तुटलेला धागा जोडायचा, कांडी बदलायची, पुन्हा मागे फिरायचं. तुमच्या बोळात चालायचं सोडून दुसरं काम नव्हतं. तुमचे ओठ हलत असायचे, तुम्ही गात असायचात, आणि त्या खडखडाटात तुमचं गाणं तुम्हाला तरी ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. घरी मी तुम्हाला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माय म्हणते ते खरंच आहे, या माणसाला घर नको झालंय. रडत रडत परत आले होते मी त्या दिवशी. सकाळी तुम्ही घरी यायचात तेव्हा पाय शांत झालेले असायचे, पण तोवर गल्ली जागी झालेली असायची. पोरांची रड, भांड्यांचा आवाज, पलीकडच्या कारखान्याची धडधड. त्यातून जी काय झोप मिळेल ती तुमची. तुमचे डोळे कायम तांबारलेले. आम्हाला वाटायचं, ते तसेच आहेत.

आणि ती फळी. मी अभ्यासाला मांडी घालून बसले की थोड्या वेळात माझा गुडघा उडायला लागायचा आणि मायचा आवाज यायचा, "पाय नको हालावू, लक्ष्मी जास घरमातून!" एकदा तिने लाटण्याचा फटका दिला गुडघ्यावर. तुम्ही पाळीवर निघाला होतात, दारातून पाहिलंत. दुसऱ्या दिवशी झोपायचं सोडून तुम्ही कुठून तरी जुन्या खोक्याची लाकडं आणलीत आणि खिडकीशेजारी भिंतीला, माझ्या छातीइतक्या उंचीवर एक फळी ठोकलीत. "उभी राहीसन वाच," एवढंच म्हणालात. मायने विचारलं तर सांगितलंत, खाली जागा नाही. मीही तेच खरं मानलं. पुढे त्या फळीशी उभी राहून मी शिकले, मराठी शाळेत बाई झाले, आणि अजूनही परीक्षा आल्या की सुपरविजन मीच मागून घेते. बाकीच्या बाया म्हणतात, किती समजूतदार! तुमच्या जोडीदारालाही असंच वाटायचं, नाही का? फळी ठोकणाऱ्याला माझ्या गुडघ्यात काय दिसलं होतं ते मला आता कळलंय.

प्लेगच्या वेळी सगळी गल्ली गावाकडे पळाली होती. आपण सुखरूप परत आलो म्हणून पुढच्या श्रावणात मायने नवसाची कानबाई, आपली खानदेशातली देवी, घरात बसवली. नारळाला नथ घातली, लुगडं नेसवलं, तिच्या नैवेद्याचे रोट केले, त्यांच्या पुरणाचा वास गल्लीभर. संध्याकाळी तुम्ही आणि माय जोडीने पाटावर बसलात. पूजा लांबत चालली. मी मायच्या मागेच होते, मला दिसत होतं. आधी तुमच्या मांडीची शीर थरथरली. तुम्ही त्यावर हात दाबून धरलात. कपाळाला घाम आला. मग पोटरी उडाली, पाट वाजला, समोरचा कणकेचा दिवा हलला, आणि गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई ओरडली, "कानबाई उनी वं, कानबाई उनी!" डफ थांबला. बायकांनी हळदीचं पाणी आणलं, तुमचे पाय ताटात घेतले, आणि ज्या बायका नळावर मायला टोचून बोलायच्या त्याच तुमच्या पायांवर डोकं ठेवायला पुढे झाल्या. तुम्हाला उठून पळायचं होतं. इतक्या जणींनी पाय धरून ठेवलेले, कसे उठणार? तुम्ही मायकडे पाहिलंत. ती रडत होती, पण किती वर्षांनी अशी आनंदाने! तिला सगळ्याचं उत्तर मिळालं होतं. नवऱ्याला तिचा कंटाळा आला नव्हता, देवीने त्याच्या रात्री मागून घेतल्या होत्या. समोर दुसरी बाई असती तर मायने तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. देवीपुढे काय बोलणार?

त्याच आठवड्यात तुम्ही दवाखान्यात जाणार होतात. तुम्ही तसं आधी बोलला होतात. मायने सांगितलं, "देवीना कामले डाक्टर कसाले?" आणि तुम्ही गेला नाहीत. मी मोठी होत होते, शाळेत विज्ञान शिकत होते, माझ्या जिवाला चैन पडेना. डबा द्यायला आले तेव्हा तुम्हाला ओढत बाहेर चहाच्या लारीवर नेलं आणि विचारलं, नाना, खरंच देवी येते? तुम्ही बशीतला चहा उभ्याने फुंकत होतात. म्हणालात, "देवी नही शे पोरी. पायस्मा किडा चालतस. पन तुनी माय आते निवांत जपस ना, ते बरं शे. तिले सांगू नको." मायला आता शांत झोप लागते, एवढ्यावर तुम्ही आपली झोप सोडून दिलीत. मी सांगितलं नाही. त्यानंतर दर कानबाईला तुम्ही पाटावर बसलात, हळद लावून घेतलीत, आणि लोकांना वाटलं, काय हे भाग्य.

शेवटचंही लिहिते, कारण ते मी कुणाजवळ बोललेले नाही. छातीचं दुखणं घेऊन तुम्ही दवाखान्यात पडलात तेव्हा उठायची मनाई होती. पाय पलंगाच्या दांडीवर आपटायचे, सलाईनची सुई निघायची, म्हणून त्यांनी पट्टीने पाय बांधले. त्यांचंही काय चुकलं, त्यांना सुई सांभाळायची होती. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "पोरी, सोड." मी गाठी सोडल्या. नर्सने येऊन पुन्हा बांधल्या. मी पुन्हा सोडल्या, तिने मला बाहेर बसवलं. मला परत आत घेतलं तेव्हा पाय बांधलेलेच होते आणि हलत नव्हते. मायने पट्टी काढली, दोन्ही तळव्यांना कपाळ लावलं आणि म्हणाली, "कानबाई चालनी गयी." नवरा गेला असं ती म्हणालीच नाही. नाना, तुम्हाला आयुष्यात काहीही नको होतं हो. दोन पावलं चालायचं होतं फक्त.

शेवटी मी माझे पाय दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, "घरमां बीजा कोईने हतुं?" घरात आणखी कुणाला होतं का? मी म्हटलं, वडिलांना. ते सहज म्हणाले, हे रक्तातून येतं, जुनाच आजार आहे, याला औषध असतं. रक्त तपासलं तर माझ्यात लोह कमी. ते भरून काढायच्या गोळ्या दिल्या आणि रात्रीची एक बारीक गोळी, पांढरी, नखाएवढी. त्या रात्री मी झोपले आणि सकाळी उठून इतकी रडले की घरच्यांना वाटलं काही वाईट बातमी आली. धाकट्याच्या वेळी मायला लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळाल्या होत्या, आठवतं? मळमळतं म्हणून तिने त्या घेतल्या नाहीत, डब्यातल्या गुलाबाला घातल्या. तुम्हालाही लोहच कमी होतं की काय, देव जाणे. कदाचित नसेल. पण तो गुलाब काय फुलला होता त्या वर्षी! मला तो आठवला की मुळासकट उपटून टाकावासा वाटतो.

पण खरा घोळ पुढेच आहे. डॉक्टरकडे जायच्या आधीच्या श्रावणात कानबाईपुढे माझा पाय उडाला होता आणि मायने तो पाहिला. तिचा चेहरा असा उजळला की मीच पाय पुढे केले. सगळ्यांसमोर तिने माझ्या पायांना हळद लावली. पुढच्या वर्षी गोळ्या सुरू होत्या, पाय गप्प. त्याच्या पुढच्याही वर्षी गप्प. आता ती फार थकली आहे, भिंतीला धरून चालते, आणि मला पुन्हा पुन्हा विचारते, "मनं काय चुकनं व्हई वं? कानबाई रुसनी आपलावर." कधी म्हणते, रोट जळला होता त्याचं झालं. कधी म्हणते, तुमच्या माघारी तिने एकदा उपास मोडला त्याचं. जन्मभराचं सगळं उकरून ती आपली चूक शोधत बसते. खरं सांगितलं तर तिची चूक नाही हे कळेल, पण मग दवाखान्यात जाताना तुम्हाला कुणी अडवलं हेही कळेल. या वयात तिला ते कसं कळू देऊ? आणि तिच्या डोळ्यांपुढे मग काय उरेल? तिला न सांगता रात्री घरातून निघून जाणारा एक माणूस आणि पोटरीवरचे डाग. मी कितीदा तोंड उघडलंय आणि कितीदा मिटलंय. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवते मी.

आज कानबाई बसली आहे. धाकट्याने त्याच जागेवर घर वाढवलंय, पण खिडकीजवळची भिंत आणि फळी त्याने ठेवली, त्याबद्दल त्याला सगळं माफ. फळी आता माझ्या कमरेला लागते. तिच्यावर वाकून मी हे लिहिते आहे. आत वहिनी नारळाला नथ घालते आहे, मायला भिंतीशी टेकून बसवलंय, माझी जागा तिच्या शेजारी आहे. हा कागद कुठे पाठवणार? घडी घालून चोळीत ठेवीन आणि उद्या कानबाईच्या विसर्जनाला नदीवर गेलो की फुलांबरोबर सोडून देईन. मायची हाक आली, बसायला ये. दिवे लागले आहेत आणि पोटऱ्यांत सुरू झालंय. मला तुमच्याएवढा वेळ बसता येईल की नाही ठाऊक नाही. परवापासून मी गोळी घेतलेली नाही, नाना. मायसाठी, असं मी मनाशी म्हणते आहे, आणि ते खरंही आहे. पण ती हळदीचे हात घेऊन पायांशी वाकेल तेव्हा ते तुमचे पाय असतील, आणि ते कुणी बांधलेले नसतील, म्हणूनही.