बाबांच्या डावऱ्या काठ्या

२१ फेब्रुवारी १९९४, सोमवार

माळ्यावर उंदीर मेल्याचा वास येत होता म्हणून चढलो. उंदीर सापडला नाही, बाबांची पिशवी सापडली!

कॅनव्हासची लांब पिशवी, आत गोल्फच्या सात काठ्या आणि पिवळे पडलेले तीन चेंडू. बाबा महूला गोल्फच्या मैदानावर गवत कापायचे, साहेब लोकांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन फिरायचे. एका साहेबाची बदली झाली तेव्हा जाताना त्याने ही बाबांना दिली. बाबांनी मोठ्या थाटात घरी आणली — आणि काठ्या निघाल्या डावखुऱ्या माणसाच्या! आमच्या सात पिढ्यांत कोणी डावखुरा नाही. तेव्हापासून घरात कोणी बाजारातून चुकीचं काही आणलं की बाकीचे विचारतात, "आणली का बाबांची पिशवी?"

आज बायकोने, पंचशीलाने पण विचारलं. मी हसलो. आई उठून आत डाळ बघायला गेली. डाळ केव्हाच उतरवलेली होती.

२२ फेब्रुवारी

पंचशीलाने तिच्या नोकरीच्या जागी, टेलिफोन ऑफिसात पिशवीचा किस्सा सांगितला आणि भलतंच झालं. तिथे पुण्याचे एक परेश साहेब फोनच्या अर्जासाठी खेटे घालतात. पीथमपूरच्या नव्या कंपनीत मॅनेजर आहेत. परदेशी पाहुणे आले की त्यांना गोल्फ खेळावं लागतं, आणि हा माणूस पक्का डावखुरा. डाव्या हाताच्या काठ्या सगळ्या हिंदुस्थानात मिळत नाहीत म्हणे. ऐकलं आणि संध्याकाळी स्कूटरवर दारात हजर!

काठी हातात घेतली तर लहान मुलासारखे खूश झाले. "मागाल ते देतो, वाल्मिकजी."

पंचशीला माझ्याकडे बघत होती. आई म्हणाली, "देऊन टाक रे. जाऊ दे एकदाची घरातून." मला वाटलं, आई तरी नाही म्हणेल.

मी नाही म्हणालो. का, ते मलाच कळलं नाही. तोंडातून निघून गेलं — "मी खेळणार आहे."

पंचशीला जी हसली, जी हसली! "तुम्ही? उलट्या हाताने?"

साहेब दारात असतानाच पंचशीलाशी करार झाला. १३ एप्रिलपर्यंत मुदत. पोलोग्राउंडच्या मागे जो माळ आहे, तिथल्या पिंपळापासून नाल्यापलीकडे चेंडू घालवायचा. तिच्यासमोर, तीन चेंडूंत एक. गेला तर पिशवी घरात. नाही तर परेश साहेबांची. तिने साहेबांना पण विचारलं. ते म्हणाले, "मंजूर. मी बघायला येणार."

२३ फेब्रुवारी

काय बोलून बसलो!

२७ फेब्रुवारी, रविवार

पहिला दिवस. बाबूरावला सोबत नेलं. मिलमध्ये वीस वर्षं माझ्या शेजारच्या मागावर होता, आता पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपवर चौकीदारी करतो. पिंपळापासून नाला पावलांनी मोजला — एकशे चाळीस. नाव पोलोग्राउंड, पोलो कोणी बघितला नाही, आता गोल्फ बघा म्हणावं!

उजवा हात वर, डावा खाली. उजवा खांदा नाल्याकडे. अंगाला काही पटेना. उलटा शर्ट घातल्यासारखं वाटत होतं. पहिल्या फटक्यात मातीचं ढेकूळ उडालं. दुसऱ्यात हवा. तिसऱ्यात काठीच हातातून सुटली आणि बाबूराव झाडामागे लपला.

"भिया, ये गोल्फ है के धोबीघाट?"

घरी आलो तर दोन्ही तळहातांना फोड. पंचशीलाने हळद लावली आणि लावता लावता हसत होती.

६ मार्च, रविवार

चेंडू तीनच, हरवले तर संपलं. म्हणून रोजच्या सरावाला सुताचे चेंडू केले. मिलचं टाकाऊ सूत बाबूरावकडे गोणीभर पडलंय. घट्ट गुंडाळायचं, वर गाठ मारायची. एका दुपारी बारा चेंडू! बोटं आपोआप चालत होती. मिल बंद झाल्यापासून सुताला हात लावला नव्हता. फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर डोळे भरून आले, पण बाबूराव समोर होता म्हणून तंबाखूला शिव्या दिल्या.

तो माझ्या बोटांकडे बघून म्हणाला, "तेरी गाँठ आज भी उलटी पडती है बे." पडायचीच. आमच्या खात्यात सगळे उजव्या हाताने गाठ मारायचे, मी डाव्या. कोणी शिकवलं ते आठवत नाही. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणायचा, वाल्मिकला दोन्ही हात उजवेच आहेत.

१५ मार्च

चेंडू सोडून सगळ्याला काठी लागते. आज बुटाला लागली.

१६ मार्च

लंगडतोय. पंचशीलाने सकाळी पोहे वाढताना विचारलं, "साहेबांना फोन करू का?" वर जिरावणचा मसाला पण भुरभुरवला. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच!

२२ मार्च

आज लागला! एकदाच, पण असा लागला की हातांना कळलंच नाही. आवाज मात्र आला — टक्. सुताचा चेंडू पिंपळापासून पन्नास पावलं गेला. बाबूराव आणि मी म्हातारे बैल कसे नाचतील तसे नाचलो.

परत येताना मिलच्या फाटकासमोरून आलो. एरवी मी त्या रस्त्याने जात नाही. कुलूप, गंज, आणि फाटकातून आत वाढलेली एरंडी. आज बघवलं. वाईट वाटलं, पण बघवलं. सतरा वर्षांचा होतो तेव्हा या फाटकातून आत गेलो. शेहेचाळिसाव्या वर्षी बाहेर काढलं की वाटतं, नवं आता काही येणार नाही. आणि आज एक नवी गोष्ट आली! ती पन्नास पावलांची का असेना.

३ एप्रिल, रविवार

रंगपंचमीचा रंग अजून कानामागे आहे.

गुपित सापडलं. विचार केला की उजवा हात मालक होतो आणि सगळं बिघडवतो. म्हणून मी तोंडाने मागाचा आवाज काढतो — खटक्-खट, खटक्-खट — आणि दुसऱ्या 'खट'ला काठी फिरवतो. मग डावा हात आपलं आपण करतो. सात नंबरची काठी. पाचांतले तीन चेंडू सरळ जातात. सुताचा चेंडू शंभर पावलं!

आईला सांगितलं, डावा हात शहाणा आहे माझा. ती भाकरी थापत होती. थांबली. "ऊन फार आहे, टोपी घालून जात जा," एवढंच म्हणाली. दुसरं कोणतंही कौतुक ती तोंडभर करते. पिशवी निघाल्यापासून म्हातारीचं काहीतरी बिनसलंय.

९ एप्रिल

बाबांचे खरे चेंडू घेऊन गेलो. पहिला नाल्यात. दुसरा कुठे गेला तो देवालाच ठाऊक — म्हणजे कोणालाच नाही. आता एकच उरला.

मला ही पिशवी जायला नको आहे. बाबांची दुसरी एकही वस्तू घरात नाही. माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या काठ्या उचलत राहिला, त्याला मिळालेली एक चीज, आणि आम्ही तिच्यावर हसत राहिलो. मी सगळ्यात जास्त.

१२ एप्रिल

झोप नाही. पंचशीला कुशीवर वळून म्हणाली, "नाही जमलं तरी मी हसणार नाही, हं." मग म्हणाली, "थोडीशी हसेन."

१३ एप्रिल, बुधवार

गेला! गेला! गेला!

नीट लिहितो. सकाळी साडेसहा. परेश साहेब बूट-टोपी घालून. बाबूरावने माझ्यासाठी लिंबूपाणी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. आणि आई! सांगितलं नव्हतं, तरी पंचशीलासोबत रिक्षातून आली, पालथ्या बादलीवर बसली. माझ्याकडे एकच चेंडू बघून साहेबांनी खिशातून आपले दोन कोरे चेंडू काढून दिले. "तीन म्हणजे तीन. लढाई बरोबरीची पाहिजे." भला माणूस.

पहिला नाल्यात, डुबुक. दुसरा वर्कशॉपच्या पत्र्यावर — असा धडाम् की आतले कामगार बाहेर आले! पंचशीलाने तोंडावर पदर धरला. हसत नव्हती. मग बाबांचा पिवळा चेंडू ठेवला.

खटक्-खट, खटक्-खट.

टक्.

वर बघायची हिंमत झाली नाही. पंचशीला किंचाळली तेव्हा कळलं. नाल्यापलीकडे बाभळीच्या मुळाशी पडला होता! बाबूराव नाला ओलांडून धावला, चिखलात मांडीपर्यंत गेला, चेंडू डोक्यावर धरून आला. पत्र्यावाले कामगार टाळ्या वाजवत होते.

परेश साहेबांनी हात मिळवला. "वाल्मिकजी, मी जन्माचा डावखुरा. माझा हात इतका सैल फिरत नाही. हा शिकलेला हात वाटत नाही हो." मी म्हटलं, शिकलेलाच आहे, दीड महिन्याचा! आठवड्यातून एक दिवस काठ्या त्यांनी न्यायच्या आणि बदल्यात मला महूच्या मैदानावर पाहुणा म्हणून न्यायचं, असं ठरलं.

आई रडत होती. आनंदाने असेल म्हणून मी विचारलं नाही. घरी जिलेबी.

१४ एप्रिल, महू

बाबासाहेबांना वंदन करून गर्दीतून बाहेर आलो. आईने माझा डावा हात धरला आणि सोडेना. मग म्हणाली, "तुझ्या बापाने चुकून नाही आणली पिशवी. साहेबाकडून मागून आणली, तुझ्यासाठी. चार वर्षांचा होतास, सगळं डाव्या हाताने करायचास. मोठा झाला की खेळेल म्हणाला. शाळेत मास्तर डाव्या हाताच्या पोरांना मारायचे. म्हणून मी लुगड्याची चिंधी घेऊन हा हात बांधून ठेवायची. वर्षभर. तो म्हणाला, नको बांधू. मी ऐकलं नाही. मग त्याने पिशवी माळ्यावर टाकली. लोक हसले तरी एक शब्द बोलला नाही."

ही रोजनिशी आज डाव्या हाताने लिहिली. अक्षर वाकडं आहे. आईला दाखवलं, तिला वाचता आलं.