सतराव्या पानावरची आरोपी

मंगळवार, १२ तारीख
वाचनालय, दुपारची सुट्टी

ती. अण्णांना,

नमस्कार. पाया पडले असं समजा, पत्रातून वाकता येत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचं शिलाईचं काम जोरात आहे. गुडघा कुरकुरतो, तोंड नेहमीसारखं चालू आहे. गळका नळ तुम्ही सांगितला तसा बदलून घेतला. मी हल्ली पहाटे साडेपाचला उठते. हसू नका, खरंच उठते. पोस्टमन आता पत्रं फाटकावरूनच आत भिरकावतो. आईची डावी चप्पल हरवली आहे, उजवी आहे. तुमची खुर्ची मजेत आहे, तिच्यावर धूळ साचत नाही. एवढंच.

तुम्ही म्हणाल, फोन असताना ही बया पत्र का लिहितेय. कारण फोनवर तुमच्या मागे करवत चालू असते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला तुम्ही "बरं, ठेवू का" म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा. आणि अक्षराला नावं ठेवू नका. मी शाळेला आणि शाळेनं मला सोडून चार वर्षं झाली.

बातमी अशी, की बाई गेल्या. आपल्या गल्लीच्या टोकाच्या, खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या. ज्यांचं पुस्तक हातात असलं की तुम्ही जेवताना घास नाकाशी न्यायचात, त्या. छातीत कफ झाला, तीन दिवस इस्पितळात होत्या, चौथ्या दिवशी गेल्या. ऐंशीला दोन कमी. नर्सला म्हणाल्या म्हणे, "इतक्या लोकांना मारलं मी, पण इतकं सरळ मरण एकालाही दिलं नाही." त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नका. मी एक दिवस रडले, मग त्यांच्या वाक्याचं हसू यायला लागलं.

तुम्हाला वाटतं, बाईंची आणि माझी ओळख वाचनालयात झाली. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज सांगते.

मी इथे पुस्तकांना कव्हरं घालायला, फाटकी पानं चिकटवायला लागले तेव्हा पहिले सहा महिने मला भयंकर कंटाळा यायचा. म्हणून मी एक उद्योग सुरू केला. रहस्यकथा हातात आली की आधी शेवट वाचायचा आणि सतराव्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. सतराव्याच का, तर तोपर्यंत वाचणारा नुकता रंगलेला असतो. मेंबर लोक चिडायचे. ग्रंथपालकाका प्रत्येकाकडे चोर असल्यासारखे बघायचे. त्यांनी पाटी लावली, "पुस्तकात लिहिणे असभ्यपणाचे आहे." तिच्याखाली मी लिहिलं, "हे कोणी लिहिलं?"

हो, तुमचं ते विहिरीचं पुस्तक. ज्यात डॉक्टर खुनी निघतो. तुम्ही ज्याच्या नावानं दोन दिवस शिव्या घालत होतात तो मेंबर मीच. झालं, एक सांगून टाकलं.

मग काकांनी बाईंच्या कानावर घातलं. बाई दर मंगळवारी यायच्या, तीन कुत्री पायरीवर बसवून. कुत्र्यांची नावं फौजदार, जमादार आणि हवालदार. भर रस्त्यात "हवालदार, नाक पूस" म्हणायच्या आणि नाक्यावरचा खरा हवालदार खिशात रुमाल शोधायचा. तर बाई काकांना म्हणाल्या, "चौकशी माझ्याकडे द्या." पुढच्या मंगळवारी त्यांनी आपलं नवंकोरं पुस्तक सगळ्यांदेखत काकांच्या हातात ठेवलं. "उद्या फळीवर लावा. कव्हर तेवढं घालून घ्या."

पुस्तक माझ्या टेबलावर आलं. मी शेवटचं पान वाचलं आणि सतराव्यावर लिहिलं, "माळ्यानं मारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायच्या आत बाई हजर. काकांनी दार उघडताच फळीवरून पुस्तक काढलं, सतरावं पान उघडलं आणि मला बाहेर पायरीवर बोलावलं.

"माळी बिचारा निर्दोष आहे गं," त्या म्हणाल्या. "खून बायकोच्या भावानं केलाय. बाजारातल्या सगळ्या पुस्तकांत तसंच आहे. या एका पुस्तकाचं शेवटचं पान मी काढलं आणि प्रेसमधून दुसरं छापून आणून चिकटवलं. ते काल संध्याकाळपासून एकाच टेबलावर होतं."

मी म्हटलं, "चिकटवलंय मात्र छान. मला कळलंसुद्धा नाही, आणि माझं तर कामच ते."

"माझं काम खोटं बोलणं आहे. बोल, काकांना सांगू, की एक महिना माझी कुत्री फिरवशील?"

अण्णा, तो महिना तीन वर्षं झाली तरी संपला नाही. मला पगार मिळायला लागला, बिस्किटं मिळायला लागली, आणि नाव मिळालं. बाई मला शेवटपर्यंत "आरोपी" म्हणायच्या. "आरोपी आली का? आरोपीला चहा द्या." घरात चहा देणारं दुसरं कोणी नसायचं, मीच उठून करायची.

त्या लिहायच्या कशा ते तुम्हाला ऐकायला आवडेल. एक प्रकरण झालं की कुत्र्यांना समोर बसवायचं आणि मोठ्यांदा वाचायचं. फौजदार, जमादार काहीही ऐकून घ्यायचे. हवालदार खवट. त्याचा उजवा कान पडला की बाई समजायच्या, कंटाळवाणं झालंय. फरशीवर डोकं टेकवलं की कागद सरळ टोपलीत. मी चौथी, सतरंजीच्या कोपऱ्यात. एकदा मी हळूच हवालदाराला बिस्किट दाखवत राहिले. बाईंना वाटलं, प्रकरण भलतंच रंगलंय. ते तसंच छापून आलं. तुम्ही म्हणालात ना, त्यांचं शेवटून तिसरं पुस्तक मध्येच ढिलं पडलंय? त्यात बाईंचा दोष नाही.

त्यांच्या पुस्तकात माणसं विषानं मरतात, कड्यावरून पडतात, पेटीत सापडतात. पण प्रत्येक पुस्तकात एक कुत्रं असतं, त्याला पहिल्या प्रकरणातच खुनी कळलेला असतो, त्याला कोणी विचारत नाही, आणि त्याला कधी साधी शिंकही येत नाही. मी एकदा विचारलं, "बाई, एवढी माणसं मारता, एक कुत्रं का मारत नाही?"

म्हणाल्या, "माणूस मारला की गोष्ट सुरू होते. कुत्रं मारलं की मला पुढचं पान लिहवत नाही."

त्या दिवशी मी त्यांना आपल्या गुंड्याबद्दल सांगितलं. तुम्हाला आवडणार नाही, पण सांगितलं. तो गेला तेव्हा तुम्ही त्याला पुरायला स्वतः पेटी केलीत, देव्हाऱ्यासाठी जपून ठेवलेल्या सागवानाची, कोपरे असे जुळवलेत की खिळा लागला नाही. मग आठ दिवस कोणाशी बोलला नाहीत. आणि नवव्या दिवशी म्हणालात, "या घरात परत कुत्रं नको. शेवट ठाऊक आहे." त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की तुम्ही चपलेचा पट्टा नीट करायला खाली बघता. तुम्हाला वाटतं मला कळत नाही.

बाई हसल्या नाहीत. मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे भिंतीला लागून नऊ दगड आहेत, प्रत्येकावर रंगानं हुद्दा लिहिलेला. नाईक, शिपाई, सुभेदार, असे. म्हणाल्या, "प्रत्येक दगड ठेवताना मी हेच म्हटलं, आता पुरे. मग घरात नखांचा आवाज येत नाही. महिनाभर तग धरते, मग जाऊन दुसरं घेऊन येते. तुझ्या वडलांना सांग, तू सतराव्या पानावर शेवट लिहून ठेवायचीस, तरी लोक पुस्तक घरी न्यायचेच ना?"

मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू.

तीन तारखेला, रविवारी, वाचनालयात बाईंची शोकसभा झाली. मोठी माणसं मोठं बोलली. "कधीही भरून न येणारी पोकळी" तिघांनी वापरली. मग काका म्हणाले, तू त्यांच्याकडे जायचीस, बोल दोन शब्द. मला दोन शब्द येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मी उठले आणि सतराव्या पानाचं सगळं सांगून टाकलं, अगदी माळ्यासकट. पहिल्या रांगेतले चष्मेवाले आजोबा उठले, म्हणाले, "अगं कार्टे, मी तीन वर्षं सतरावं पान न वाचता सोडतोय. अजून सवय गेली नाही. नव्या पुस्तकाचंसुद्धा सोडतो." मग जे काय सगळे हसले. शोकसभा अशी होऊ शकते हे मला माहीत नव्हतं. काका तेवढे हसले नाहीत. त्यांनी मला ती असभ्यपणाची पाटी पुसायला लावली.

चहाच्या वेळी बाईंचा पुतण्या भेटला. माणूस वाईट नाही, घाईत आहे. म्हणाला, घर विकतोय, फौजदार-जमादारांना लोकांनी आधीच पाळायला नेलंय, हवालदार उरलाय. उद्या सकाळी गाडी येईल, शहराबाहेर कुत्र्यांची सोय आहे तिथे नेतील. मी विचारलं, किती कुत्री असतात तिथे. म्हणाला, असतील साठ-सत्तर. म्हातारं कुत्रं, मागचा पाय अधू, कोण घेणार?

मी म्हटलं, "सकाळी गाडी यायच्या आधी मी त्याला शेवटचं फिरवून आणते."

"आण ना," तो म्हणाला.

अण्णा, ते फिरणं अजून संपलेलं नाही.

आता वर जाऊन दुसरा परिच्छेद परत वाचा. साडेपाचला मला कोण उठवतं. पोस्टमन आत का येत नाही. चप्पल कुठे गेली. खुर्चीवर धूळ का नाही. बाई म्हणायच्या, वाचणाऱ्याला सगळं आधी दाखवायचं, म्हणजे शेवटी त्याला चिडता येत नाही.

पुतण्याला मी संध्याकाळी फोन केला, म्हटलं कुत्रं माझ्याकडे आहे. म्हणाला, "कुठलं कुत्रं?" म्हणजे तिकडून प्रश्न मिटला. आई म्हणते, मी काही पाहिलेलं नाही. न बघताच ती त्याला रोज दूध घालते. त्याच्या गुडघ्याला आपलंच तेल चोळते आणि दोघं मिळून कण्हतात.

राहिलात तुम्ही. घर तुमचं, शब्द तुमचा. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, हवालदाराचं वर्ष, फार तर दोन. म्हणजे शेवट मी लपवलेला नाही, तो पहिल्यापासून लिहिलेलाच आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी काही नाटक करणार नाही. चष्मेवाल्या आजोबांना विचारून ठेवलंय, ते घेतील. पण त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि याला चढ सोसत नाही. तुमच्या खुर्चीवरसुद्धा त्याला मागून ढकलून चढवावं लागतं. एकदा चढला की मात्र डोकं खुर्चीच्या डाव्या हातावर ठेवतो, जिथे तुम्ही चहाचा कप ठेवता तिथेच.

काल मी त्याला या पत्राचा कच्चा खर्डा वाचून दाखवला. गुंड्याच्या पेटीपर्यंत कान उभा होता.

उत्तर लवकर पाठवा. फोन करू नका, करवतीत मला "हो" की "नको" ते कळणार नाही.

तुमची,
आरोपी

(सहआरोपीला सही येत नाही. वाचनालयाच्या शिक्क्याच्या शाईनं त्याचा अंगठा उठवला आहे. शाई फरशीवर पण उठली आहे, ती मी पुसतेय.)


शनिवार, १६ तारीख
साइटवरून

चि. आरोपीस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. चप्पल वाचली तेव्हाच कळलं, पत्र कुठे जाणार ते. पुढचं उगाच वाचलं असं म्हणणार होतो, पण दोनदा वाचलं.

विहिरीच्या पुस्तकातलं अक्षर तुझं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. शिव्या तुलाच ऐकवत होतो. पुस्तक मात्र शेवटपर्यंत वाचलं होतं.

तुझी आई म्हणते ते खोटं आहे. तिनं मला सोमवारीच फोनवर सगळं सांगितलं. मी तेव्हा काही बोललो नाही, करवत चालू होती.

खुर्चीचा डावा पाय थोडा ढिला आहे. तो चढताना डगमगेल आणि घाबरेल. मी येईपर्यंत पायाखाली पुठ्ठ्याची घडी सार. त्याला मागून ढकलत जाऊ नकोस, अधू पायाला झटका बसतो. पोटाखाली हात घालून उचलायचं. गुंड्यालाही शेवटी तसंच उचलत होतो.

इथे दारांच्या फळ्यांचे तुकडे बरेच उरतात, मालक घेऊन जा म्हणाला. खुर्चीला लावायला उतरतं फळकूट करून आणतो, वरून काथ्या ठोकला की नखं घसरणार नाहीत. त्यासाठी दोन मापं लागतील. जमिनीपासून त्याच्या छातीपर्यंत किती, आणि त्याचं पाऊल केवढं. पावलाचा ठसा मिळाला, पण तू शाई इतकी घेतलीस की तो पसरलाय. नीट मोजून, दोनदा मोजून कळव.

त्या आजोबांना सांग, तिसरा मजला राहू दे.

हवालदाराच्या मापाची वाट बघत,
तुझा बाप