सहा घोड्या एका रेषेत

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

आदरणीय दाजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार (हातांना अजून रॉकेलचा वास आहे, तेवढं सांभाळून घ्यावं). अक्काचे गुडघे, आपली शुगर आणि देवगावची मका, तिन्हींची खुशाली कळवावी. फोनच करणार होतो, पण अक्का स्पीकर लावून बोलते आणि हा विषय गावभर व्हायला नको.

परवा आपण आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार न्यायला आलात. माझ्या हॉलमध्ये बसून दोन मिनिटं वाजवलीत आणि तोंड एवढंसं करून म्हणालात, "कान गेले माझे, सुदर्शन. अंबिकेच्या हळदीत आता नाय वाजवायचो मी." गिटार इथंच ठेवून निघूनही गेलात. आपली लेक शाळेत असताना, तिच्या हळदीत वाजवायचा तिला दिलेला शब्द, तो असा माझ्या घरात मोडला. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त, नेमकं बिघडलं काय या कुतूहलानं चैन पडेना.

आता तारा जिथं टेकतात तो ब्रिज गंजून घट्ट झालेला, म्हणून तर आपण गिटार माझ्याकडे सोपवली होती. मी तो सोडवला, दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवला, जुन्या टूथब्रशनं घासला (ब्रश जुना नव्हता, हे आमच्या घरात नंतर कळलं). त्यावर सहा तारांच्या सहा चिमुकल्या घोड्या. पाहतो तर एक पुढं, दुसरी मागं, तिसरी त्याहून मागं. वाळूजच्या कारखान्यात, टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे बघवेल का? मला वाटलं, आपल्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांत कुणीतरी घाईत बसवल्या असणार. काटकोन तपासायचा गुण्या लावला, व्हर्नियरनं मापं घेतली आणि सहाही घोड्या अशा एका रेषेत आणल्या की तपासणाऱ्यानं डोळे मिटून सही करावी. आपल्याला ते कौतुकानं दाखवलंसुद्धा.

आपण गेल्यावर मी मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप घेतलं. मोकळी तार छेडली, काटा मधोमध. तीच तार बरोबर निम्म्यावर दाबली तर तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, पण काटा पुढं पळाला. जाड तारेचा जास्त, बारीक तारेचा कमी. दिवसभर हाच उद्योग (जेवण दोनदा गरम करावं लागलं). शेवटी डोक्यात उजेड पडला. जाड तारेला लांबी थोडी जास्त लागते, म्हणून तिची घोडी मागंच हवी. ती वाकडी रांग कुणीतरी ऐकून ऐकून लावलेली होती, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा आपणच. मी सरळपणाच्या हौसेपायी ती मोडली, आणि आपण ते दोन मिनिटांत ओळखलंत. आपले कान शाबूत आहेत, दाजी. चूक माझी आहे, माफ करा.

आता एकेक घोडी परत जागेवर नेली आहे. गिटार तंतोतंत सुरात आहे. अकरा तारखेला अंबिकेसमोर खुशाल वाजवा.

आपला मेहुणा,
सुदर्शन

ता. क. अक्काला फक्त गंजाचं सांगावं. गुण्याचं सांगू नये.

आणखी ता. क. वर "तंतोतंत सुरात" लिहिलंय ते मोबाइलच्या भरवशावर. काटा पळत होता तेव्हाही मला दोन्ही सूर सारखेच वाटत होते. काल डॉक्टरांना दाखवून आलो. टूलरूमला लागूनच प्रेसशॉप होतं, दिवसभर पत्र्यावर धडाधड ठोके. कान गेलेत ते माझे. हे अजून घरात बोललो नाही. तेव्हा रविवारी आपण या, वाजवून बघा, आणि बरोबर आहे की नाही ते माझ्यासमोर बसून, जरा सावकाश सांगा.