हिरवी वायर

प्रिय दादा,

पळपुटा म्हण, नालायक म्हण, आईसमोर शिव्या घाल. गेल्या चौदा महिन्यांत तुझं ते सगळं म्हणून झालंय आणि माझं ऐकूनही झालंय. पण मला न विचारता तू तुझी चार तारांची बेस गिटार विकायला काढलीस, हे काही मी ऐकून घेणार नाही. वहिनी फोनवर म्हणाली, गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, चारी तारा टिचकावून बघितल्या, महिनाअखेरीला पैसे घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, दादाला दे फोन. तर तू म्हणे अंघोळीला गेलेला. दुपारी साडेतीनला कसली रे अंघोळ? मागच्या खेपेलाही तू अंघोळीलाच होतास. एवढा स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात आजवर झाला नाही. म्हणून हे पत्र. अक्षराचं तुला माहीतच आहे, सहावीत सुटलेल्या शाळेचं आहे, सांभाळून घे.

विकायचं कारण काय, तर दोन बोटं वळत नाहीत. आणि दुसरं कारण वहिनीने आवाज एकदम बारीक करून सांगितलं. तू म्हणतोस चूक माझीच, मीच ओल्या हाताने तारांना हात लावला, मी स्टेजवर उभं राहायच्या लायकीचा नाही. घरातलं बटण दाबायलाही आता तू तिला हाक मारतोस म्हणे. दादा, हॉटेलच्या त्या स्टेजवर तुला शॉक बसला, तू पायऱ्यांवर आदळलास, डावं मनगट मोडलं, हे झालं ते झालंच. पण ते दुसरं कारण डोक्यात घेऊन मी चार दिवस इकडून तिकडे फिरतोय. जेवायच्या सुट्टीत लिहायला बसतो, दोन ओळी होतात, उठतो. आधी बोटांचं सांगतो. बोटांचं सोपं आहे.

तुझ्या अनामिकेला आणि करंगळीला जोर नाही ना? मग त्यांच्याकडे मागूच नकोस. तुझ्या तारा मुळात फार उंच आहेत, मी तेव्हापासून सांगतोय, पण तुला वाटायचं उंच तारेत मर्दपणा असतो. तारा खाली जिथे टेकतात त्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली दोन बारके स्क्रू आहेत, ते छोट्या चावीने अर्धा अर्धा आटा खाली घे. तार पट्टीवर आपटून खरखरायला लागली की थोडी वर आण, बस. जाड तारांचा सेट काढून बारीक घाल, दाबायला निम्मा जोर लागतो. मग हलक्या हाताने वाजवायचं आणि आवाज मोठा करायचं काम अँपवर सोडायचं. आमच्या दुकानात साठीतले एक गृहस्थ येतात, संधिवाताने बोटांची पार मुळं झालीत, असंच करून आठवड्यातून तीनदा वाजवतात आणि वर मलाच सांगतात की पोरा, तू फार घाई करतोस.

घाई तर करतोच. इथे वाद्यांच्या दुकानाच्या मागे तळघरात आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. नऊ पायऱ्या उतरायच्या, मान वाकवायची, की भिंतभर मेलेले अँप. प्रत्येकाच्या हँडलला चिठ्ठी बांधलेली, त्यावर गिऱ्हाइकाची तक्रार, त्याच्याच शब्दांत. मास्तरांचा तसा नियम आहे. मास्तर म्हणजे आमचे मालक, कधी कुठल्या शाळेत शिकवलं नाही, पण समोर आलेल्याला शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्या चिठ्ठ्या तू वाचायला हव्यास. ‘रडका वाजतो.’ ‘मधेच मरतो, थोबाडीत मारली की उठतो.’ ‘पोटात लागत नाही.’ एकाने तर लिहिलंय, ‘बायकोला आवडायला लागला, म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय.’ पहिले तीन महिने मी फक्त चिठ्ठ्या लिहिल्या. झाकण उघडायची बंदी. मास्तर आधी माणसाला वाजवायला बसवतात, मग एकेक गोष्ट बदलतात. केबल बदल, ऐक. गिटार बदल, ऐक. प्लगची जागा बदल, ऐक. एका वेळी एकच. मी एकदा वेळ वाचवायला केबल आणि गिटार दोन्ही एकदम बदलल्या, तर म्हणाले, “झालं बरं, पण कशाने झालं ते आता तुझ्या बापालाही कळणार नाही. बदल परत.”

परवा एक धिप्पाड बेसवाला आला, तणतणतच. आवाज मरतुकडा झालाय, नव्या तारा घातल्या, नवा स्पीकर घातला, दोन दुकानं फिरलो, सगळे चोर. मास्तरांनी त्याची गिटार उलटी केली, मागचं छोटं झाकण काढलं, आतली चौकोनी बॅटरी काढून जिभेला लावली आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मेलेली. काय होतं, त्या गिटारीत केबल खुपसलेली राहिली की बॅटरी आपली चालूच राहते, आणि हा पठ्ठ्या वाजवून झालं की केबल तशीच ठेवून झोपायचा. नवा स्पीकर घेतला पण केबल उपटली नाही. मला एवढं हसू आलं की मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. तुला सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला, आणि मग आठवलं, तू अंघोळीला असशील.

मला इथे सगळे हुशार म्हणतात दादा, आणि तसं कुणी म्हटलं की मला जागेवर बसवत नाही. कधीपासून ते सांगतो. आपल्या अँपमधून घूं घूं आवाज यायचा, आठवतंय? तू वाजवायचा थांबलास तरी तो चालूच. हॉटेलच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, स्टेजवर मधमाश्या पाळल्यात का. तुझं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेजच्या मागे बसून मी तो घूं आवाज एका तासात घालवला. तू एक तार वाजवलीस, हात ठेवून ती थांबवलीस, आणि मागे काहीच नाही. नुसती शांतता. तू मला मानेला धरून सगळ्या बँडसमोर नेलंस आणि म्हणालास, “हा माझा भाऊ. शाळेने हाकलला, पण विजेने ठेवून घेतला.” कसं केलंस, असं तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, कारागिराने गुपित ठेवायचं असतं.

मागच्या मंगळवारी एक कॉलेजातला मुलगा अँप घेऊन आला. स्पीकर फाटला होता, बाकी तक्रार नाही. मास्तर म्हणाले, आधी प्लग उघड. उघडला. तीन वायरी हव्यात, तर आत दोनच जोडलेल्या. तिसरी, हिरवी, अर्थिंगची, कापून तिच्या टोकाला सफाईने टेप गुंडाळलेली. मास्तरांनी चष्मा वर केला. मुलगा हसून म्हणाला, “घूं आवाज यायचा ना, ती काढली की जातो. सगळेच काढतात.” दादा, मी मास्तरांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तळघर दणाणलं. “आवाज जातो आणि एक दिवस वाजवणाराही जातो! कुणी शिकवलं तुला हे? त्याला माझ्यासमोर उभा कर!” मी त्यांच्यासमोरच उभा होतो, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन.

मग त्यांनी त्या मुलाला बसवून नीट सांगितलं, आणि मी ऐकलं. अँपला एक अर्थिंग आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला दुसरं, दोघांना जोडणाऱ्या आवाजाच्या केबलमधून दोन्ही एकमेकांना भिडतात, म्हणून घूं होतं. सोडायचीच असेल तर त्या आवाजाच्या केबलमधली तारेची जाळी एका टोकाला सोडायची. विजेच्या हिरव्या वायरीला हात लावायचा नाही. कारण आत कधी एखादी वायर घासून अँपच्या पत्र्याला टेकली, तर हिरवी असली की फ्यूज उडतो आणि भागतं. हिरवी नसली तर सगळा पत्रा जिवंत होतो, आणि केबलमधून त्या पत्र्याला गिटारीच्या तारा जोडलेल्या. तारा हातात धरून माणसाने मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेल्या माइकला ओठ लावले की संपलं. हात कोरडे असोत नाहीतर ओले.

तुला आता कळलं असेल. मला तर त्याच संध्याकाळी कळलं होतं, एवढं सगळं नाही, पण पुरेसं. तू कोरस म्हणायला माइककडे वाकलास आणि पडलास. तुला गाडीत घालून नेलं, मी सामान आवरायला मागे राहिलो. सगळ्यात आधी काय आवरलं असेल मी? प्लग उघडला आणि हिरवी वायर परत जोडली. घाईत स्क्रू दोनदा खाली पडला. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या वायरमनने प्लग उघडला, तिन्ही वायरी जागच्या जागी बघितल्या, अँप चालूसुद्धा करून बघितला नाही, आणि म्हणाला, वायरिंग चोख आहे, याचे हात ओले असणार. बँडच्या मालकाने दवाखान्यात येऊन तेच तुझ्या तोंडावर सांगितलं. तू प्लास्टर सांभाळत म्हणालास, “असतील. घामाने असतील.” मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो दादा. तुझे हात कोरडे होते. त्या गाण्याआधी तू हात पुसलेस तो टॉवेल मीच तुझ्या खांद्यावर टाकला होता आणि मीच परत घेतला होता. हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी पाच दिवसांनी गाडी पकडली आणि तुला वाटलं, भाऊ मोडला म्हणून हा पळाला. त्यावरून आपण चौदा महिने भांडतोय, आणि मी भांडू दिलं, कारण त्या भांडणात मी फक्त पळपुटा होतो.

माफ कर असं लिहून दोनदा खोडलं, कागद बघ, फाटायला आलाय. तिसऱ्यांदा लिहीत नाही. कामाचं सांगतो. तो अँप कुणालाही लावू देऊ नकोस. चांगल्या वायरमनला बोलाव, मागचं झाकण काढायला सांग, आणि तू स्वतः शेजारी उभा राहून बघ. ट्रान्सफॉर्मरच्या डाव्या बाजूला पत्र्याची कड आहे, तिथे लाल वायरीचं कव्हर घासून उघडं पडलेलं असणार. मी पाहिलेलं नाही, पण शॉक बसला म्हणजे कुठेतरी असणारच, आणि बहुतेक तिथेच. बँडच्या मालकाला हे पत्र दाखव. आईला मी सांगेन. नाही, तूच सांग. नाही, नको, मीच सांगतो, तिने मला काय म्हणायचं ते मलाच म्हणू दे. तू मात्र घरातला दिवा स्वतः लाव. त्या दिवशी तुझी काहीही चूक नव्हती, एवढं तुला कळावं म्हणून मी हे पत्र लिहिलं. हे वाचून तू आणखी चौदा वर्षं अंघोळीला गेलास तरी मी समजून घेईन. पण ती गिटार त्या गिऱ्हाइकाला देऊ नकोस. स्वतःला शिक्षा म्हणून विकतोयस, आणि शिक्षा तुझी नाही. विकायचीच असेल तर मला विक. वहिनी म्हणाली तो बावीस हजार देतोय. माझ्याकडे तेवढे नाहीत, म्हणून इसार पाठवतोय, बाकीचे तीन पगारांत. माझी अट एकच, मी येऊन घेईपर्यंत ती तुझ्या खोलीत राहील आणि तारा खाली घेतलेल्या असतील, आणि मी कधी यायचं ते तू सांगशील. तुझ्या खात्यावर टाकले तर तू परत पाठवशील, म्हणून वहिनीच्या खात्यावर टाकलेत, आज सकाळीच, तेरा हजार सहाशे.

तुझाच,
खटपट्या